ईजीआर व्हॉल्व्ह बदलण्याआधी : नवशिक्यांसाठी क्रमवार तपासणी

स्कॅनरवर पी०४०१ हा बिघाडाचा कोड दिसला की ‘ईजीआर (जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) गेला’ म्हणायचं आणि थेट व्हॉल्व्ह बदलायचा, ही पद्धत अनेक गॅरेजांत रुळली आहे. नवा व्हॉल्व्ह बसतो, कोड पुसला जातो, आणि थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो. त्या कोडचा अर्थ ‘व्हॉल्व्ह खराब’ असा नाहीच. ‘मागितला तेवढा वायू परत आलेला दिसत नाही’ एवढंच ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, सांगत असतो. व्हॉल्व्ह जाम असेल, त्याला ओढणारा व्हॅक्यूम पोचत नसेल, मार्ग काजळीने बुजला असेल किंवा हवा मोजणारा सेन्सरच चुकत असेल. चारही वेळा कोड तोच येऊ शकतो.

म्हणून तपासताना दोन प्रश्न कायम वेगळे ठेवा. व्हॉल्व्ह हलतो का? आणि हलल्यावर त्यातून वायू खरोखर जातो का? खालचा सगळा क्रम या दोन प्रश्नांवर उभा आहे.

यंत्रणा नेमकं काय करते

ज्वलनाच्या वेळी सिलिंडरमधलं तापमान फार चढलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. साधारण १४०० अंश सेल्सियसच्या पुढे त्यांचं प्रमाण झपाट्याने वाढतं. हे टाळण्यासाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला थोडा जळका वायू पुन्हा इनटेकमध्ये सोडतात. या वायूत ऑक्सिजन कमी असतो, आणि त्यातली पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड बरीच उष्णता शोषून घेतात. त्यामुळे ज्वलनाचा कमाल ताप उतरतो. एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, म्हणजेच ईजीआर, ते हेच.

डिझेल गाडीत व्हॉल्व्ह आयडलला आणि हलक्या ते मध्यम लोडवर उघडतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की बंद होतो, कारण तेव्हा इंजिनला सगळी हवा ताजी लागते. बाहेरचा व्हॉल्व्ह असलेल्या पेट्रोल गाडीत उलट आहे. तिथे आयडलला तो बंदच हवा. उघडा राहिला तर इंजिन थरथरतं, सिग्नलला गाडी बंद पडते. शिवाय पेट्रोलच्या बऱ्याच इंजिनांत असा व्हॉल्व्ह नसतोच, व्हॉल्व्ह टायमिंग बदलूनच ते काम साधतात. त्यामुळे पुढचं बहुतांश विवेचन डिझेलला धरून आहे.

तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे हे बॉनेट उघडून ठरवा. व्हॉल्व्हच्या डोक्यावर गोल, चपटी धातूची डबी आणि तिला फक्त एक बारीक रबरी नळी असेल, तर तो व्हॅक्यूमवर चालतो. अशा व्हॉल्व्हला वर तीन पिनांचा प्लग असेल तर तो पोझिशन सेन्सरचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडला हे सांगणाऱ्या सेन्सरचा. नळीच नाही आणि पाच-सहा पिनांचा प्लग आहे, तर व्हॉल्व्ह मोटरवर चालतो, म्हणजे तो इलेक्ट्रिक. व्हॅक्यूमच्या गाडीत जवळपास कुठेतरी दोन पिनांचा प्लग आणि दोन-तीन नळ्या असलेला मॉड्युलेटर सापडेल. ईसीयू त्याला विजेचे ठोके देतो आणि तो त्यानुसार व्हॅक्यूम मोजून सोडतो. या व्हॉल्व्हइतकाच हा मॉड्युलेटर बिघडतो, पण त्याच्याकडे लक्ष जात नाही.

काय जवळ हवं

लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, डिजिटल मल्टीमीटर, गेज असलेला हँड व्हॅक्यूम पंप, आणि असल्यास इन्फ्रारेड थर्मामीटर. मल्टीमीटर पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जाईल. व्हॉल्व्हचे गॅस्केट, क्लॅम्प, व्हॅक्यूमची नळी यांसाठी नाना पेठ आहेच. नळी मीटरवर मिळते, पण घेताना आतला व्यास जुन्या तुकड्याशी जुळवून घ्या. अर्धा मिलिमीटर सैल नळी दिसायला घट्ट बसते आणि गरम झाल्यावर हवा ओढते.

मोबाइलला जोडायचा स्वस्त ओबीडी (गाडीतली स्वयंनिदान यंत्रणा) ॲडाप्टर सुरुवातीला पुरतो. तो कोड आणि ठरावीक आकडे दाखवतो, पण व्हॉल्व्ह हुकुमाने उघडबंद करण्याची चाचणी बहुधा त्यावर करता येत नाही. इलेक्ट्रिक व्हॉल्व्हसाठी ती सोय असलेला स्कॅनर गॅरेजमधून तासाभरासाठी मिळाला तरी चालेल.

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून यातलं काहीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उघड्यावर, सपाट जागी, हँडब्रेक ओढून काम करा. व्हॉल्व्ह आणि त्याची नळी चालू इंजिनवर हात भाजेल इतकी तापते, म्हणून काही खोलायचं असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

पहिली पायरी : कुणी आधीच हात घातलाय का

जुनी गाडी घेतली असेल तर इथूनच सुरुवात करा. व्हॉल्व्ह आणि नळी यांच्या जोडावर टॉर्च मारा. गॅस्केटच्या जागी पत्र्याची जास्तीची कड बाहेर डोकावत असेल, तर कुणीतरी ब्लँकिंग प्लेट टाकून मार्ग बंद केला आहे. ती प्लेट असताना पी०४०१ आला तर ईसीयू खरं तेच सांगतोय, बिघाड शोधत बसण्याची गरज नाही. प्लेट काढा, नवं गॅस्केट टाका, मग बाकीचं बघा.

दुसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही, सॉफ्टवेअरमध्येच ईजीआर बंद केलेला असतो. गरम इंजिनवर, आयडलपासून हलक्या रेसपर्यंत कुठेही ‘कमांडेड ईजीआर’, म्हणजे ईसीयूने मागितलेला ईजीआर, शून्याच्या वर जातच नसेल आणि कोडही येत नसेल, तर हा संशय घ्या.

त्यानंतर नळ्या. व्हॅक्यूमची प्रत्येक नळी बोटांनी वाकवून बघा. कडक झालेली नळी वाकवल्यावर चिरा दाखवते. पुण्यातल्या पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या आणि वायरी हे फार नेहमीचं कारण आहे, त्यामुळे इंजिनावरच्या आच्छादनाखालीही बघा. टर्बोचा मॉड्युलेटर आणि ईजीआरचा मॉड्युलेटर शेजारी असतील तर नळ्या अदलाबदल झाल्या नाहीत ना, हे बॉनेटखालच्या स्टिकरवरून किंवा मॅन्युअलमधून ताडून घ्या. दुसऱ्याच कामासाठी त्या काढल्या आणि उलट्या लावल्या, असं होतं; मग पिकअपही जातो आणि ईजीआरचा कोडही येतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून ईजीआर कूलरपर्यंतच्या (परतणारा वायू कूलंटने थंड करणारा भाग) नळीवर, विशेषतः जोडांवर, काळे फटकारे दिसले तर तिथून वायू बाहेर निसटतोय. थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या मिनिटात तिथून टिक-टिक आवाज येतो. धातू तापून पसरला की तो कमी होतो.

दुसरी पायरी : कोड नीट वाचा

कोड लगेच पुसू नका. आधी फ्रीझ फ्रेम टिपून घ्या : कोड लागला तेव्हा वेग किती होता, इंजिनचं तापमान, आरपीएम आणि लोड किती होता.

– पी०४०० : प्रवाहात गडबड. पी०४०१ : प्रवाह कमी. पी०४०२ : प्रवाह जास्त.
– पी०४०३ : कंट्रोल सर्किटमध्ये बिघाड. पी०४०४ : सर्किट अपेक्षेप्रमाणे वागत नाही, मोटरच्या व्हॉल्व्हमध्ये बहुधा पाकळी किंवा दांडी अडकलेली.
– पी०४०५ आणि पी०४०६ : पोझिशन सेन्सरचा सिग्नल अनुक्रमे फार कमी, फार जास्त.
– पी२४५७ : कूलरचं काम अपुरं.

पी०४०३, पी०४०५, पी०४०६ असतील तर आधी वायर आणि प्लग. व्हॉल्व्ह खोलून साफ करण्यात वेळ घालवू नका. काजळी पुसल्याने तुटलेली वायर जुळत नाही. पी०४०१, पी०४०२ असतील तर खालचा पूर्ण क्रम करा. आणि याच कोडांसोबत पी०१०१ किंवा पी०१०२ दिसला तर एअर मास सेन्सर (आत येणारी ताजी हवा मोजणारा) आधी बघा, ईजीआर नंतर.

सेन्सर आधी का? बहुतेक डिझेल गाड्यांत परत आलेला जळका वायू थेट मोजतच नाहीत. ईसीयू फक्त फिल्टरमधून आलेली ताजी हवा मोजतो. सिलिंडरमध्ये जागा ठरलेली. त्यात जळका वायू शिरला की तेवढी ताजी हवा कमी ओढली जाते. ताज्या हवेतली घट म्हणजेच ईजीआर, असा त्याचा हिशोब. आता एअर मास सेन्सर मळून कमी आकडा दाखवू लागला, किंवा एअर फिल्टरच चोक झाला, तर ईसीयूला वाटतं की ईजीआर फार झाला, आणि तो व्हॉल्व्ह मिटवतो. उलट इंटरकूलरचा होज फाटलेला असेल तर मोजलेली हवा दाबाखाली वाटेतच निसटते. ईसीयूला ताजी हवा जास्त दिसते, तो ईजीआर आणखी उघडतो आणि गाडी काळा धूर टाकते. म्हणून फिल्टर, सेन्सर आणि टर्बोनंतरचे होज तपासल्याशिवाय व्हॉल्व्हला दोष देऊ नका.

अनेक गॅरेजांत सेन्सरचा प्लग काढून गाडी पळवून बघतात. प्लग काढला की बऱ्याच डिझेल गाड्यांत ईसीयू ईजीआर बंद करतो आणि हवेचा अंदाजी आकडा वापरतो. पिकअप सुधारला तर दोष सेन्सर किंवा ईजीआर या दोघांपैकी एकाकडे आहे एवढंच कळतं. कोणाकडे, ते कळत नाही. त्यावरून सेन्सर विकत आणू नका.

तिसरी पायरी : लाइव्ह डेटा

इंजिन निदान ८० अंशांपर्यंत गरम करा. थंड इंजिनवर बहुतेक ईसीयू ईजीआर वेगळ्या प्रमाणात चालवतात किंवा अजिबात चालवत नाहीत, त्यामुळे ते आकडे निरुपयोगी. एसी, हेडलाइट, ब्लोअर बंद. आणखी एक गोष्ट नवशिक्यांना हमखास चकवते : बऱ्याच डिझेल गाड्यांत काही मिनिटं सलग आयडल झाल्यावर ईसीयू स्वतःच ईजीआर मिटवतो. आकडा अचानक बदलला म्हणून दचकू नका. २००० आरपीएमच्या वर एकदा रेस देऊन सोडा आणि पुन्हा बघा.

आता किती हवा ‘बरोबर’ हे स्वतः काढता येतं. उदाहरण म्हणून १२४८ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घ्या. रांजणगावच्या फियाट कारखान्यातून निघालेल्या गाड्यांपासून मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरपर्यंत हे इंजिन सगळीकडे आहे. एका सिलिंडरचा वाटा ३१२ सीसी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल. ३० अंश तापमानाला एक सीसी हवेचं वजन सुमारे १.०९ मिलिग्रॅम भरतं. ३१२ गुणिले १.०९ म्हणजे ३४०. सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून ९० टक्के धरा. ईजीआर बंद असताना आयडलला प्रत्येक स्ट्रोकला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास हवा दिसायला हवी. स्कॅनर ग्रॅम प्रति सेकंद दाखवत असेल, तर ८०० आरपीएमला सेकंदाला २६.७ स्ट्रोक होतात, म्हणजे साधारण ८ ग्रॅम.

मुंबईच्या किंवा परदेशी मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा इथे सहा-सात टक्के कमी दिसणं हा बिघाड नाही, तो उंचीचा परिणाम आहे. त्याच कारणाने इंजिन बंद, की चालू ठेवली असता मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरने पुण्यात १०१ नव्हे, ९४-९५ किलोपास्कल दाखवायला हवेत. इतकं साधं असूनही हे न बघता सेन्सर बदलले जातात.

ईजीआर बंद असूनही आकडा २२०-२३० वर अडकलेला असेल तर तीन शक्यता : व्हॉल्व्ह खरं तर मिटलेला नाही, फिल्टर किंवा इनटेक चोक आहे, किंवा सेन्सर कमी दाखवतोय.

ओबीडीत ‘ईजीआर एरर’ असाही एक आकडा येतो : मागितलेल्या आणि मिळालेल्या उघडझापीतला टक्केवारीतला फरक. मागणी शून्य असताना व्हॉल्व्ह जरासाही उघडा राहिला तर तिथे ९९.२ टक्के दिसतं. त्या मोजणीची ती वरची मर्यादा आहे. ‘९९ टक्के खराब’ असा त्याचा अर्थ लावू नका.

चौथी पायरी : समस्या मधोमध चिरणारी चाचणी

एकच चाचणी करायला वेळ असेल तर ही करा. हिने बिघाड ‘हुकूम देणाऱ्या बाजूला’ आहे की ‘वायू नेणाऱ्या बाजूला’, हे दहा मिनिटांत कळतं.

व्हॅक्यूमच्या व्हॉल्व्हसाठी : गरम इंजिन आयडलवर ठेवा. व्हॉल्व्हच्या डोक्यावरची नळी काढा आणि तिचं मोकळं तोंड बुजवा. व्हॉल्व्ह आता स्प्रिंगने मिटला पाहिजे. हवेचा आकडा लिहून घ्या. वरच्या उदाहरणात तो ३००च्या जवळ हवा. आता त्या जागी हँड पंप लावा आणि हळूहळू व्हॅक्यूम द्या. गेजवर साधारण ५-६ इंच पाऱ्यापासून दांडी हलू लागते आणि १०-१२ इंचांपर्यंत बहुतेक व्हॉल्व्ह पुरते उघडतात. अचूक आकडा मॅन्युअलमधला धरा. उघडताना इंजिनचा आवाज दबका, जाडसर होतो, आणि हवेचा आकडा स्पष्ट खाली येतो. निदान चौथा हिस्सा कमी व्हायला हवा.

निकाल असा वाचा. दांडी हलली, आकडा पडला : व्हॉल्व्ह आणि मार्ग दोन्ही ठीक आहेत, दोष व्हॅक्यूम, मॉड्युलेटर, वायरिंग किंवा सेन्सरमध्ये आहे. दांडी हलली पण आकडा जागचा हलला नाही : मार्ग बुजला आहे, किंवा प्लेट आहे. दांडी हललीच नाही आणि गेजवरचा व्हॅक्यूम टिकून आहे : व्हॉल्व्ह काजळीने जाम. व्हॅक्यूम टिकतच नाही, सुई उतरत जाते : आतला डायफ्राम फाटला; इथे मात्र व्हॉल्व्ह बदलावाच लागतो. १५ इंच देऊन अर्धा मिनिट थांबा, सुई हलता कामा नये. आणि व्हॅक्यूम सोडल्यावर आकडा झटकन पूर्वीच्या जागी आला नाही, तर दांडी परतताना अडकते आहे. काळ्या धुराचं मूळ बहुधा हेच.

पेट्रोलवर हीच चाचणी केली तर इंजिन अडखळायला किंवा बंद पडायलाच हवं. पडलं नाही तर मार्ग बुजलेला.

इलेक्ट्रिक व्हॉल्व्हवर हेच काम स्कॅनरच्या ॲक्चुएटर टेस्टने करा. शून्य, ३०, ६० टक्के असा हुकूम द्या. प्रत्येक टप्प्यावर पोझिशन आणि हवेचा आकडा लिहा. पोझिशन हुकमाच्या दोन-चार टक्के आसपास राहिली आणि हवा कमी होत गेली तर व्हॉल्व्ह निर्दोष. पोझिशन बरोबर, हवा तशीच : मार्ग बुजला. पोझिशन मध्येच एका आकड्यावर थबकत असेल तर तिथेच काजळीचा थर आहे.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर व्हॉल्व्हनंतरच्या, इनटेककडे जाणाऱ्या धातूच्या नळीवर रोखा. व्हॉल्व्ह उघडल्यावर मिनिटाभरात तापमान चढायला हवं. चढलं नाही तर तिथून वायू जात नाही.

पाचवी पायरी : हुकुमाची बाजू

चाचणीत व्हॉल्व्ह आणि मार्ग ठीक निघाले तर मागे सरका. व्हॅक्यूम पंपाकडून मॉड्युलेटरला येणारी नळी काढून तिला गेज लावा. पुण्यात वातावरणाचाच दाब साधारण २८ इंच पारा आहे, त्यामुळे निरोगी पंप इथे २४ ते २६ इंच दाखवेल. मॅन्युअलमध्ये २७-२८ लिहिलं असेल म्हणून पंप बदलू नका. सुई २० च्या खाली राहिली, किंवा चढायला फार वेळ लागला, तर पंप अथवा वाटेतली गळती शोधा. ब्रेकचा बूस्टरही याच व्हॅक्यूमवर चालतो, त्यामुळे ब्रेक पॅडल कडक लागत असेल तर ही बाब लांबणीवर टाकू नका.

मॉड्युलेटरचा प्लग काढून दोन पिनांमधला ओहम मोजा. बऱ्याच मॉड्युलेटरांचा रोध १० ते २० ओहमच्या दरम्यान असतो. अनंत दाखवला तर आतली कॉइल तुटली. मग प्लग जोडून गेज व्हॉल्व्हकडच्या नळीला लावा आणि आरपीएम बदलत बघा. हुकूम वाढल्यावर व्हॅक्यूम वाढायला हवा आणि हुकूम शून्य झाल्यावर उतरायला हवा. उतरत नसेल तर मॉड्युलेटरची हवा घेणारी बारीक जाळी किंवा स्पंजची टोपी धुळीने बुजली आहे. ही टोपी साफ करायला दोन मिनिटं लागतात. ती न बघितल्याने व्हॉल्व्ह कायम अर्धवट उघडा राहतो.

पोझिशन सेन्सरला तीन वायरी : ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ, सिग्नल. की चालू, इंजिन बंद ठेवून मोजा. पुरवठा ४.९ ते ५.१ दरम्यान हवा. व्हॉल्व्ह मिटलेला असताना सिग्नल साधारण अर्धा ते एक व्होल्ट, आणि हळूहळू उघडताना तो न उडी मारता चढत जायला हवा. प्लगच्या पिना हिरवट झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पावसाळ्यात सिंहगड रोडला किंवा एखाद्या अंडरपासमध्ये गाडी पाण्यातून गेली असेल तर ही शक्यता जास्त धरा.

सहावी पायरी : खोलणं आणि साफ करणं

चाचणीने ‘जाम’ किंवा ‘बुजलेला’ असं सांगितल्यावरच पाना हातात घ्या. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. व्हॉल्व्ह कूलरला थेट जोडलेला असेल आणि कूलंटचे होज काढावे लागणार असतील तर आधी कूलंट स्वच्छ भांड्यात उतरवा. एक्झॉस्टकडचे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंजनाशक स्प्रे मारून ठेवा, आणि बोल्ट अडला तर ताकद लावण्याआधी थोडा कसून मग सोडवा. इनटेक मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असेल तर तुटलेला बोल्ट काढण्याचा खर्च साफसफाईच्या कितीतरी पट होतो.

व्हॉल्व्ह हातात आला की लगेच पुसू नका, काजळी वाचा. कोरडी, पावडरीसारखी असेल तर ती नेहमीची, शहरातल्या रेंगाळत्या वाहतुकीची. ओली, डांबरासारखी असेल तर क्रँककेसमधली तेलाची वाफ तिच्यात मिसळते आहे; ब्रीदर (ती वाफ बाहेर नेणारी नळी) आणि टर्बोचं सील बघा, नाहीतर साफ केलेला व्हॉल्व्ह लवकरच पुन्हा भरेल. ओलसर आणि पांढुरके डाग असलेली असेल तर कूलरमधून कूलंट झिरपतोय.

साफ करताना हातमोजे आणि मास्क घाला. प्लास्टिकच्या चमच्याने किंवा लाकडी पट्टीने मोठे थर काढा, मग ईजीआर किंवा कार्ब क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश. मोटर आणि प्लगचा भाग वर ठेवा, म्हणजे द्रव तिकडे वाहणार नाही. व्हॉल्व्ह क्लीनरमध्ये बुडवायचा नाही. मोटरच्या व्हॉल्व्हची दांडी स्क्रूड्रायव्हरने जबरदस्तीने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर दात सोडतात. बैठकीच्या, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या, कडेवर तारेचा ब्रश नको; तिथे ओरखडा पडला की व्हॉल्व्ह कधीच पुरता मिटत नाही. शेवटी उजेडासमोर धरून बघा, मिटलेल्या स्थितीत कडेने प्रकाश दिसू नये.

चालू डिझेल इंजिनच्या इनटेकमध्ये क्लीनरचा फवारा मारण्याचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका. डिझेल इंजिन मिळेल ते इंधन जाळतं. फवाऱ्यावर ते बेलगाम पळू लागलं तर किल्ली फिरवूनही थांबत नाही.

मॅनिफोल्डचं तोंडही बघा. तिथे वाट बोटाएवढी उरली असेल तर नुसता व्हॉल्व्ह साफ करून भागणार नाही. मात्र खरवडलेली काजळी आत पडू देऊ नका. व्हॅक्यूम क्लीनरची नळी शेजारी धरा.

बसवताना गॅस्केट नवंच. ८ मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण २०-२५ न्यूटन मीटर लागतात, तरी मॅन्युअलचा आकडा अंतिम. दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने कसा.

कूलरबद्दल

बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत असेल, सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केल्यावर पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल, तर कूलरचा संशय घ्या. थंड इंजिनवर कूलिंग सिस्टमला झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच, बहुधा १ ते १.४ बार, दाब द्या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. गेज उतरलं आणि ईजीआरची नळी काढल्यावर आत ओल दिसली तर कूलर गेला. तो डागडुजी करून वापरू नका. डाग सुटला की कूलंट थेट सिलिंडरमध्ये उतरतो; पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

शेवटचं, पण सोडू नये असं

इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह साफ केला किंवा बदलला तर स्कॅनरवरून ईजीआर ॲडाप्टेशन करा. ईसीयूने जुन्या काजळीसकट ‘मिटलेली जागा’ लक्षात ठेवलेली असते. ती पुसली नाही तर नवा व्हॉल्व्हही चुकीचा वाटतो आणि पी०४०४ पुन्हा येतो. त्यानंतर कोड पुसा, आणि आयडलला हवेचा आकडा पुन्हा लिहा. आधीच्या आकड्याशेजारीच लिहा, पुढच्या वेळी उपयोगी पडतो.

रस्त्यावरच्या चाचणीत तिन्ही स्थिती यायला हव्यात : सिग्नल-सिग्नलची वाहतूक, स्थिर वेग आणि चढावरचा पूर्ण लोड. स्वारगेटहून कात्रजपर्यंत शहरातून, मग जुना कात्रज घाट चढून खेड शिवापूरपर्यंत आणि परत, एवढ्यात तिन्ही मिळतात. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ‘कमांडेड ईजीआर’ शून्यावर यायला हवा आणि मागे काळा धूर दिसता कामा नये. स्कॅनर बघायचं काम शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही.

पीयूसीच्या निकालावर ईजीआरची पारख करू नका. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर धूर वाढून गाडी नापास होऊ शकते, पण मिटलेला अडकला किंवा प्लेट टाकलेली असली तर गाडी आरामात पास होते आणि दिवसभर सगळ्यांच्या नाकातोंडात तेच वायू सोडत राहते. ‘प्लेट टाकून देतो, कटकट संपेल’ हा सल्ला म्हणूनच घेऊ नका. कारखान्यातून आलेल्या गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायदा परवानगी देत नाही, आणि बीएस-सहा गाडीत तर ईजीआर, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईसीयूचा हिशोब एकमेकांत इतका गुंतलेला आहे की एक बंद केला की बाकीचे दिवे लागत जातात.

साफ केल्यानंतर साधारण पाचशे किलोमीटरवर हवेचा आकडा पुन्हा एकदा बघा. तो घसरलेला असेल तर काजळीचा उगम अजून तसाच आहे : इंजेक्टर, ब्रीदर, फाटका होज किंवा फिल्टर, याच क्रमाने नव्हे तर जे तपासायला सर्वांत सोपं आहे ते आधी.